एसीचा कौल

"लिही," हे स्टुलावरून म्हणाले. "पश्चिमेची भिंत. लांबी अकरा फूट चार इंच. उंची नऊ फूट दोन इंच. क्षेत्रफळ मागाहून गुंठ्यांत काढू."

"भिंतीचं क्षेत्रफळ गुंठ्यांत?"

"सवय राहायला हवी."

मी भेंडी चिरायची ठेवून वही घेऊन बसले होते. खाली जमिनीवर, आमच्या पलंगाला टेकून, एसीची दोन खोकी उभी होती. एक लांबोडकं, एक चौकोनी. मुलीने आणि जावईबापूंनी पुण्याहून पाठवली होती. रत्नागिरीचा मे महिना, घामाने अंगाला चिकटलेलं लुगडं सोडवता सोडवता माणूस दमून जातं. दुकानदार म्हणाला होता, मिस्त्री अठरा दिवसांनी येईल, यादी मोठी आहे.

"अठरा दिवस कशाला?" हे तेव्हाच म्हणाले. "मी बसवतो."

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. हे त्याच मार्चअखेर निवृत्त झाले होते. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, म्हणजे लोकांच्या जमिनी मोजून हद्दीच्या खुणा दाखवून द्यायच्या. एकतीस वर्षं दोन भावांच्या मध्ये टेप धरून उभे राहिले, पण कुणाकडून कधी अरे ऐकून घेतलं नाही. "गुरवसाहेब म्हणतात ती हद्द," असं लोक म्हणत. आणि निवृत्तीनंतर दीड महिना झाला तरी कुणी त्यांना काही विचारायलाही आलं नव्हतं. सकाळी पेपर वाचून झाला की ते घरातल्या घरात वस्तू मोजायचे. आमच्या फ्रिजची उंची मला आजही पाठ आहे.

त्यात जावईबापूंचा फोन आला. केदार स्वभावाने फार चांगला, इंजिनियर आहे, पण बोलतो फटकन.

"बाबा, तुम्ही त्याला हात लावू नका हं. मिस्त्री येऊ दे. हे मोजणीसारखं नसतं."

ह्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. मग चष्मा काढून पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता. पुसून झाल्यावर म्हणाले, "शालिनी, वही आण."

तिथून ते स्टूल सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पावसकर वहिनी हातात कागद घेऊन आल्या. आमच्या दोघींच्या परसांमध्ये एक चिऱ्याचा गडगा, एवढंच अंतर.

"भाऊंनी मला नोटीस पाठवलीय," त्या पदराने वारा घेत म्हणाल्या. "ऐका. 'लगतदार यांस कळविण्यात येते की, दिनांक अमुक रोजी सकाळी दहा वाजता आमचे राहते घराचे पश्चिमेस यंत्र बसविण्याचे योजिले आहे. तरी आपण समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपली काही हरकत नाही असे समजून काम पुरे करण्यात येईल.' खाली सही आहे, तारीख आहे. आता मी काय करू?"

"हरकत असेल तर लेखी द्या," हे आतून म्हणाले.

"हरकत कसली भाऊ, उलट मी खुर्ची घेऊन येते. गल्लीतल्या बाकीच्यांना सांगू का?"

"सांगा ना."

वहिनींनी सांगितलं. संध्याकाळपर्यंत दूधवाल्यालाही माहीत झालं की गुरवभाऊ स्वतः एसी बसवणार. चार जणांनी वाटेत थांबवून ह्यांना दिवस आणि वेळ विचारली. मी खिडकीतून पाहत होते. दीड महिन्यात पहिल्यांदा ह्यांची मान सरळ झाली होती.

पुढचे दोन दिवस मात्र मला काही कळेना. खोक्यात माहितीचं पुस्तक होतं ते घेऊन हे व्हरांड्यात बसायचे. एकच पान उलटायचे, परत मागे यायचे. जेवताना भातावर ताक घेतलं आणि त्यावर आमटी. मी विचारलं, "काही अडतंय का?" तर म्हणाले, "अडायला काय झालंय?"

बुधवारी सकाळी मी जपाची माळ खाली ठेवली तर हे दारात उभे.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझं सोमवार, गुरुवार, दोन्ही चतुर्थ्या आणि एकादश्या असं उपासांचं चालतं. रोज हजार जप झाल्याशिवाय मी चहा घेत नाही. आवाज मुळातच लहान, त्यामुळे देवाशी बोलायला बरा पडतो, बाकी कुणाला ऐकू जात नाही. माझे वडील गावच्या देवळात पुजारी होते आणि कौल लावायचे. म्हणजे देवाच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मनातलं गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नको. लग्नं, विहिरी, घरं, सगळं गाव देवाला विचारून करायचं. लग्नात वडिलांनी मला वीतभर उंचीची काळ्या दगडाची मूर्ती दिली. मी अडीअडचणीला तिच्यापुढे कौल लावते. ह्यांनी मात्र एकतीस वर्षांत त्या मूर्तीपुढे हात जोडले नव्हते. "तुझा देव, तुझी हद्द," म्हणायचे. "मी अतिक्रमण करत नाही."

तर बुधवारी हे दारात उभे राहून म्हणाले, "एसीचं तुझ्या देवाला विचारून घेऊ या का?"

मला वाटलं उन्हाचा त्रास होतोय.

"देव नको म्हणाला तर?" मी विचारलं.

"तर नाही बसवणार. मिस्त्रीची वाट बघू. देवाच्या पुढे कोण जाणार?"

"आणि गल्लीला काय सांगाल? केदारला?"

"देवाने नको म्हटलं असं सांगेन."

मी गहिवरून गेले. लगेच पंखा बंद केला, कारण कौलाला वारा चालत नाही. परसातून लाल जास्वंदीच्या दोन सारख्या पाकळ्या आणल्या.

"आज पाकळ्या मी लावतो," हे म्हणाले. "तू काडेपेटी घेऊन ये."

मी स्वयंपाकघरातून काडेपेटी आणेपर्यंत ह्यांनी दोन्ही खांद्यांवर पाकळ्या नीट लावून ठेवल्या होत्या. समान अंतरावर, मोजल्यासारख्या. मी उदबत्ती लावली आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा, आमच्या ह्यांच्या मनात घरात थंड हवेचं यंत्र स्वतःच्या हाताने बसवावं असं आहे. बसवायचं असेल तर उजवा दे. नसेल तर डावा दे. काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे."

हे शेजारी पाटावर बसले. हात जोडले. डोळे घट्ट मिटून घेतले. ओठ हलत होते. कपाळावरून घाम ओघळून चष्म्यावर येत होता तरी पुसला नाही. मी कधी देवाकडे बघत होते, कधी ह्यांच्याकडे.

किती वेळ गेला कोण जाणे. ह्यांनी डोळे उघडले तेव्हा उजवी पाकळी देवाच्या पायाशी होती.

"उजवा दिला," मी म्हणाले.

हे पाकळीकडे पाहत राहिले. मग मूर्तीच्या उजव्या खांद्याकडे. चेहरा पांढराफटक पडला होता. मग एकदम वाकून त्यांनी डोकं जमिनीला टेकवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. मला वाटलं, एकतीस वर्षांची भक्ती एकदम दाटून आली.

त्या दिवशी दुपारी जेवताना मी आंब्याची फोड ताटातून बाजूला केली. "आजपासून हापूस सोडला," म्हटलं.

"कशासाठी?"

"असंच. देवासाठी."

संध्याकाळी दिवा लावायला गेले तर मूर्तीच्या उजव्या खांद्यावर मुंग्यांची रांग लागलेली. नैवेद्य सांडला असेल म्हणून मी मूर्ती पुसून घेतली.

शुक्रवारी दहाच्या ठोक्याला पावसकर वहिनी खुर्ची आणि कलिंगड घेऊन हजर झाल्या. ड्रिलही त्यांच्याच घरचं, लांब टोकाचं. ह्यांनी भिंतीवर खोक्यातला कागद चिकटवला. त्या कागदावर नळ्या बाहेर काढायच्या भोकाच्या दोन खुणा होत्या, एक डाव्या टोकाला, एक उजव्या. त्या भिंतीच्या डाव्या अर्ध्यामागे आमचं मोकळं परसू आणि उजव्या अर्ध्यामागे माझं देवघर. ह्यांच्या नकाशात इतके दिवस डावीकडची खूण होती. लाल पेन्सिलीने गोल करून ठेवली होती.

आता त्यांनी उजव्या खुणेवर बोट ठेवलं.

"अहो, डावीकडून ठरलं होतं ना?"

"देवाने उजवा दिलाय," हे हळूच म्हणाले. "आता डावीकडे हात लावायची माझी छाती नाही."

"पण उजवीकडे देवघर आहे."

"देवघर सुरू व्हायच्या आधी नऊ इंच मोकळी जागा आहे. मोजलंय मी. त्या नऊ इंचांतून बाहेर काढतो."

ह्यांनी मोजलंय म्हटल्यावर बोलण्यासारखं काही राहिलं नाही. ड्रिल सुरू झालं. जांभ्या दगडाची लाल धूळ उडायला लागली. वहिनींनी कलिंगडावर ताट झाकलं. आणि मला एकदम आठवलं की आमच्या घराच्या भिंती फूटभर जाडीच्या आहेत. ह्यांनी आतून मोजलं, बाहेरून मोजलं, पण परसू नि देवघर यांच्या मधली आडवी भिंत स्वतः किती जागा खाते ते कुठेच धरलं नव्हतं.

"अहो," मी म्हणाले. "भिंतीची जाडी."

ड्रिल घरघरत होतं.

"अहो, जाडी धरलीत का?"

"काय म्हणतेय ती?" ह्यांनी वहिनींना विचारलं.

"काही नाही, जप चाललाय," वहिनी म्हणाल्या.

मी तिसऱ्यांदा न सांगता देवघराकडे धावले. पोचले तेवढ्यात देवाच्या डोक्यावर हातभर उंचीवर भिंतीचा पोपडा निघाला, त्यातून ड्रिलचं टोक बाहेर आलं, दोनदा फिरलं आणि थांबलं. लाल भुकटी भुरभुर खाली आली. देव, समई, घंटा, शंख, सगळं गुलाल उधळल्यासारखं झालं. टोक मागे गेलं. भोकातून उजेड आला. मग उजेड गेला, आणि तिथे एक डोळा दिसला.

"काय दिसतंय?" भिंतीपलीकडून ह्यांनी विचारलं.

"तुमचा डोळा," मी म्हणाले. "तुम्हाला?"

"कुंकू. तुझं असावं." जरा थांबून म्हणाले, "देवाला लागलं का गं?"

"नाही."

"नीट बघ."

"बघितलं. नुसता लाल झालाय."

पावसकर वहिनी माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. भोक पाहिलं, देव पाहिला. तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "भाऊ, हद्द ओलांडलेली दिसते. पंचनामा करायचा का?"

मी जाऊन पाहिलं तर हे स्टुलावर बसले होते, केसांत, भुवयांवर लाल धूळ, मांडीवर ड्रिल बाळासारखं घेतलेलं. "एकतीस वर्षं जमीन मोजली," म्हणाले. "जमिनीला जाडी नसते."

वहिनींना हसू आवरेना. त्या कलिंगड तिथेच ठेवून घरी गेल्या आणि सरळ इब्राहिमभाई मजगावकरांना फोन लावला. ते शहरातले सगळ्यांत जुने एसी मिस्त्री, त्यांची यादी दुकानदाराहून लांब. पण वहिनींनी गोष्ट अशी काही रंगवून सांगितली असावी की इब्राहिमभाई दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात. "आधी ते भोक दाखवा," म्हणाले.

भोकात बोट घालून त्यांनी आतून चाचपून पाहिलं. डोळा लावून पाहिलं.

"साहेब, भोक अगदी सुंदर आहे," ते म्हणाले. "बाहेरच्या बाजूला उतारही बरोबर दिलात. फक्त खोली चुकली."

ह्यांच्या चेहऱ्यावर जरासं रक्त आलं. "उतार पुस्तकात दिलाय तेवढाच ठेवला."

इब्राहिमभाईंनी दोन तासांत डावीकडून नळ्या काढून एसी सुरू करून दिला. जाताना सिमेंट कालवायला मागितलं, भोक बुजवून टाकू म्हणाले.

"राहू द्या," हे म्हणाले. "देवालाही उकडतं."

केदारचा फोन आला तेव्हा ह्यांनी नुसतं सांगितलं, "बसला."

"कुणी बसवला बाबा?"

"देवाच्या मर्जीने बसला," हे म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

तेव्हापासून खोलीतला गारवा त्या भोकातून देवघरात यायचा. हे दुपारी पेपर घेऊन तिथेच बसायला लागले. आणि रोज सकाळी आंघोळ झाली की देवापुढे हात जोडायचे, डोळे घट्ट मिटून, त्या दिवशीसारखेच. एक दिवस खाडा नाही. ताप आला तरी भिंतीला धरून उभे राहायचे. माझ्या माहेरी कौतुक, पावसकर वहिनी म्हणायच्या, "शालिनीताई, तुमच्या व्रतांना फळ आलं." मी मान हलवायची. दर वैशाखात घरात आंब्यांची अढी लागायची, ह्यांच्या रसाच्या वाट्या भरायच्या, आणि मी मुरांब्याचा वाससुद्धा न घेता पोळी खायची.

असे नऊ हंगाम गेले.

यंदा अक्षय्यतृतीयेनंतर एसीने मान टाकली. इब्राहिमभाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की आता नवा घ्या. केदारने परत दोन खोकी पाठवली. हे खोक्यांभोवती एक फेरी मारून आले. वय आता सदुसष्ट, गुडघा दुखतो, स्टुलावर चढायला खांदा द्यावा लागतो.

"मी बसवू का?" हे म्हणाले. आवाजात काही दम नव्हता.

मला नाही म्हणवेना. "देवाला विचारू," म्हटलं.

"विचारू," हे पटकन म्हणाले.

मी पाकळ्या आणल्या, मीच लावल्या. पंखा बंद केला. दोघं पाटांवर बसलो. ह्यांनी हात जोडले. मी पाहिलं तर यंदा डोळे अर्धवट उघडे. मीही हात पदराखाली घट्ट धरून ठेवले होते. दोन्ही पाकळ्या जागच्या हलेनात.

अर्ध्या तासाने बेल वाजली. मी उठले तर हेही उठले.

"मी बघते," मी म्हणाले.

"नको, मी बघतो."

दारात दोन माणसं होती. पुढे इब्राहिमभाई, दाढी आता पूर्ण पांढरी. त्यांच्या मागे शिवलकर म्हणून नाक्यावरचा एसीवाला, हातात पेटी. दोघं एकमेकांकडे बघत होते.

"ह्या वहिनींनी फोन केला होता," इब्राहिमभाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"मला साहेबांनी," शिवलकर म्हणाला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे.

"दोघंही बसवा," हे म्हणाले. "म्हणजे, मिळून." आणि मला हाताला धरून देवघरात घेऊन आले.

"मिस्त्री बोलवायचा होता तर कौल कशाला लावू दिलात?" मी विचारलं.

"तू कशाला लावलास?"

"तुमचं मन राहावं म्हणून."

ते पाटावर बसले. चष्मा काढून पुसायला लागले. मी वाट पाहिली.

"शालिनी, तेव्हाही मला मिस्त्रीच हवा होता. त्या पुस्तकातलं मला अक्षर कळलं नव्हतं. पण गल्लीला नोटीस देऊन बसलो होतो. आणि केदारला कोणत्या तोंडाने सांगू, जमत नाही म्हणून? वाटलं, देवाने नको म्हटलं की सुटलो. म्हणून..."

"म्हणून काय?"

"उजव्या पाकळीला मध लावला होता. पंचामृतातला. डावीच आधी पडावी म्हणून. तू काडेपेटी आणायला गेलीस तेव्हा."

मला मुंग्यांची रांग आठवली.

"चांगला बोटभर मध," हे हलक्या आवाजात म्हणाले. "आणि मी डोळे उघडले तर तीच पाकळी खाली. मधातून निघून. त्या क्षणी मला कळलं, समोर कुणीतरी आहे. माझी लबाडी त्याला दिसते. तेव्हापासून रोज माफी मागतोय बघ. नऊ वर्षं."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. नऊ वर्षांत मी देवाला हजारदा सांगितलं होतं, पण ह्यांना एकदाही नाही. आणि आता सांगितलं तर ह्यांचा देव जायचा. न सांगितलं तर माझा.

"अहो," मी म्हणाले. "डावीच पडली होती."

तेवढ्यात पलीकडच्या खोलीत ड्रिल सुरू झालं.

"तुमचे डोळे मिटलेले होते," मी सांगत राहिले. "इतक्या मनापासून बसला होता, मला वाटलं होकारच मागताय. मला बघवलं नाही. मी डावी उचलून परत खांद्यावर चिकटवली, आणि उजवी काढली. निघेना. ओढावी लागली. म्हणून आंबा सोडला."

ड्रिल चाललं होतं. भोकातून जुनी लाल धूळ थोडी सांडली. हे माझ्याकडे बघत होते एवढंच. माझा आवाज हा असा. ऐकू गेलं की नाही ते मला कळेना. दुसऱ्यांदा सांगायचं बळ नव्हतं.

ड्रिल थांबलं तेव्हा आम्ही देवाकडे वळलो. दोन्ही पाकळ्या खाली पडल्या होत्या. कोणती आधी पडली ते दोघांनीही पाहिलं नव्हतं.

हे गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. सुरीचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात बशी होती आणि बशीत हापूसच्या फोडी, सगळ्या अगदी सारख्या, मोजून कापलेल्या.

"खा," म्हणाले.

"थांबा, देवाला विचारते."

"नको," हे म्हणाले. "त्याला जरा स्वस्थ बसू दे."

मी एक फोड घेतली. मग दुसरी. पाचव्या फोडीला इब्राहिमभाई सांगायला आले की एसी सुरू झालाय, पण आमच्यापैकी कुणी उठलं नाही.

मी मनाशी धरून चालले होते की ह्यांचा नमस्कार आता संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जप करत होते. हे आंघोळ करून आले, पंचा खांद्यावर टाकला, देवासमोर उभे राहिले आणि हात जोडले.

डोळे मात्र उघडे ठेवले. एक देवावर, एक माझ्यावर.